दगडाला खांदा द्यावा की नाही?

अभ्यास पाठ : पूर्वजांचा मान आणि आपला विश्वास

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती ३५:१६-२० व ५०:२४-२६, निर्गम २०:१२, अनुवाद १८:९-१३, यहोशवा ४:१-७, मार्क ७:९-१३, इब्री ११:१ ते १२:२



या अंकाचा पाठ मी एका चुकीपासून सुरू करते. ती चूक माझी आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ईश्वरविज्ञानाची पदविका नुकतीच हाती आली होती. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात एका माडिया गावात आमचे आरोग्याचे आणि बालवाडीचे काम चालू होते. त्या गावातील एका तरुणाने प्रभू येशूवर विश्वास ठेवला होता. त्याचे वडील वारले. काही महिन्यांनी भाऊबंदांनी वडिलांच्या नावाचा दगड उभा करायचे ठरवले. डोंगरातून दगड आणायचा, गावाबाहेर आजोबा-पणजोबांचे दगड उभे आहेत तिथे तो रोवायचा, कोंबडे कापायचे आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालायचे, असा बेत होता. तो तरुण माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, दगडाले खांदा देऊ की नको?"

मी एका मिनिटात उत्तर दिले, "नको. ही मूर्तिपूजा आहे."

सगळे भाऊ दगड घेऊन निघाले तेव्हा थोरला मुलगा मोहाच्या झाडाखाली एकटा उभा होता. दुपारी त्याची आई माझ्याकडे आली. ती माडियात बोलली आणि धाकट्या मुलाने ते मराठीत सांगितले, "आई विचारते, माया बापाचं नाव घेतलं त तुमच्या देवाले राग येते का?"

माझ्याकडे पदविका होती, उत्तर नव्हते. त्या वर्षी नव्या धानाच्या जेवणाचे बोलावणे त्या मुलाला आले नाही. पुढची चार वर्षे आई त्याच्या घरचे पाणीही प्यायली नाही.

आज आपण त्या आईच्या प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत.

१. आधी समजून घेऊ

आपल्या विदर्भातील आदिवासी बांधवांमध्ये मेलेला माणूस घरातून जातो, पण कुळातून जात नाही. गोंड समाजात कुळाचा देव म्हणजे 'पेन'. माणूस मेल्यावर त्याचा जीव आपल्या कुळाच्या पेनात मिसळतो, अशी श्रद्धा आहे. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी कुळांची विभागणी असते आणि लग्न कुठे जमेल, कुठे जमणार नाही, हे त्यावरूनच ठरते. म्हणजे पूर्वजांची ओळख पुसली तर सोयरीक कुठे करायची हेही कळेनासे होते. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची मोठी गुहा आहे. दर वर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास तिथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी याच गुहेत कोंडलेल्या मुलांना सोडवले आणि त्या मुलांपासून पुढे कुळे झाली, असे ते मानतात.

या कुळांचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या प्रधान बांधवांनी तोंडपाठ राखला. किंगरी वाजवत ते यजमानाच्या दारी जातात आणि त्याच्या पूर्वजांची गाणी गातात. लिहिलेली वही नव्हती, तेव्हा हीच त्यांची वही होती.

एटापल्ली आणि भामरागडकडे माडिया गावांच्या कडेला स्मृतीचे दगड उभे दिसतात. अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील कोरकू बांधव दगडाऐवजी सागाचा खांब उभारतात. त्याला 'मुंडा' म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. मृताच्या या विधीला 'सिडोली' म्हणतात. तो मृत्यूनंतर काही काळाने, खर्चाची सोय झाली की केला जातो. कधी कधी एका घरातील अनेक मृतांसाठी तो एकदमच होतो. तो होईपर्यंत घरच्यांच्या मनावर ओझे असते. आपल्या माणसाला अजून आपल्या लोकांत जागा मिळाली नाही, असे त्यांना वाटत राहते.

हे फक्त आदिवासींचेच आहे असे समजू नका. विदर्भातील शेतकरी घरांत अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आणि आपण? २ नोव्हेंबरला नागपुरातील ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन पाहा. झेंडूची फुले, मेणबत्त्या, धुतलेले क्रूस. माझ्या आजोबांच्या कबरीवरचा संगमरवरी फलक मी दर वर्षी स्वतः पुसते. त्या माडिया आईने मला तेव्हा विचारले असते, "ताई, तुमचा दगड आणि आमचा दगड यात फरक काय?" तर मी काय सांगितले असते?

२. नागपूरच्या मातीतील दगड

नागपूरहून काटोल रस्त्याने गेलात तर जुनापाणी लागते. तिथे दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. ही लोहयुगातील माणसांची स्मारके आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट येथेही अशीच वर्तुळे सापडली आहेत. आपल्या मृतांसाठी दगड रचण्याची रीत या मातीत अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. सुवार्ता इथे पोहोचली त्याच्या कितीतरी आधीची.

या दगडांकडे आस्थेने पाहणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक मिशनरी होते, रेव्ह. स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे, तेच हे. १८४५ मध्ये ते स्कॉटलंडहून नागपुरात आले. त्यांनी शाळा काढल्या, प्रवचने केली आणि त्याबरोबर गोंड लोकांची भाषा, चालीरीती आणि देव यांची बारकाईने नोंद केली. लिंगोचे गाणे त्यांनी प्रधानांकडून ऐकून उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना, पुराने भरलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कागद पुढे १८६६ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी छापले.

मला हे फार उशिरा कळले. ज्यांनी आपल्याला सुवार्ता दिली, त्यांच्यातील एकाने शेवटचा दिवस दुसऱ्यांच्या पूर्वजांचे दगड समजून घेण्यात घालवला होता. आणि मी मात्र एका मिनिटात निकाल देऊन मोकळी झाले होते.

३. आफ्रिकेतील मंडळ्यांकडून शिकण्यासारखे

हाच प्रश्न आफ्रिकेतील विश्वासणाऱ्यांना आपल्याही आधीपासून छळत आला आहे. केनियाचे जॉन म्बिती हे अँग्लिकन पाळक आणि मोठे अभ्यासक होते. आफ्रिकेतील धर्मांवरच्या त्यांच्या १९६९ च्या ग्रंथात त्यांनी पूर्वजांसाठी 'जिवंत-मृत' असा शब्द वापरला. जोवर घरात कोणीतरी त्या व्यक्तीला नावाने ओळखते, तोवर ती त्या घराचाच भाग असते. तिला ओळखणारा शेवटचा माणूस गेला की ती दूर जाते. म्हणून आफ्रिकेतील अनेक समाजांत नाव विसरले जाणे हा दुसरा मृत्यूच वाटतो. म्बितींनी आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली. बाहेरच्या माणसाने या सगळ्याला सरसकट 'पूर्वजपूजा' म्हणणे चुकीचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना जेवताना आधी वाढणे ही जशी पूजा नसते, तशीच यातील बरीचशी कृत्ये नात्याची असतात.

झिंबाब्वेच्या शोना लोकांत मृत्यूनंतर साधारण वर्षभराने एक विधी होतो. त्याला 'कुरोवा गुवा' म्हणतात. मृताचा आत्मा घरी परत आणायचा, असा त्याचा अर्थ. आपल्या कोरकूंच्या सिडोलीशी तो ताडून पाहा. तिथल्या मंडळ्यांनी आधी तो पूर्ण बंद केला. तेव्हा लोक दिवसा चर्चला आणि रात्री लपून विधीला जाऊ लागले. पुढे कॅथलिक मंडळीने बसून विचार केला आणि देवाची प्रार्थना केंद्रस्थानी ठेवून बदललेल्या रूपात काही गोष्टींना जागा दिली. त्यावर वाद अजूनही आहेत. पण लपाछपीपेक्षा उघड विचार बरा, हे त्यांनी ओळखले.

चीनमध्येही असेच घडले. पूर्वजांना मान देण्याच्या चिनी विधींवर १७४२ मध्ये पोपने पक्की बंदी घातली. १९३९ मध्ये दुसऱ्या पोपने त्यातील बरेचसे विधी म्हणजे कुटुंबाने व्यक्त केलेला आदर आहे असे मानून मोकळीक दिली. मधली जवळजवळ दोनशे वर्षे किती आया आपल्या मुलांच्या घरचे पाणी प्यायल्या नसतील, असे माझ्या मनात येते.

४. देवाचे वचन काय शिकवते?

मान देण्याची आज्ञा स्पष्ट आहे. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा दहा आज्ञांत आहे, आणि तिच्याबरोबर अभिवचनही आहे. मार्क ७ मध्ये प्रभू येशू परूशांना खडसावतो, कारण ते धर्माचे निमित्त करून आईबापांची जबाबदारी टाळत होते. हा भाग मी अनेकदा शिकवला होता. पण त्या दिवशी मीही एका मुलाला धर्माचेच निमित्त दिले, हे मला दिसले नाही.

दगड उभा करणे हे स्वतः पाप नाही. राहेल वाटेत मरण पावली तेव्हा याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभा केला. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा दगड रचायला लावले, आणि त्याचे कारणही दिले आहे : पुढे मुले विचारतील की हे दगड कशाचे, तेव्हा त्यांना देवाचे कार्य सांगता यावे. योसेफाने आपल्या अस्थी मिसर देशातून न्यायची शपथ घ्यायला लावली. मोशेने त्या नेल्या आणि शेवटी त्या शखेमात पुरल्या गेल्या. पवित्र शास्त्रातील माणसे आपल्या मृतांना विसरणारी नव्हती.

पण एक सीमा आहे. अनुवाद १८ मध्ये मृतांना कौल विचारण्याची मनाई आहे. शौल राजा एन-दोर येथे मेलेल्या शमुवेलाला बोलवायला गेला, त्याचे काय झाले ते १ शमुवेल २८ आणि ३१ मध्ये वाचा. अनुवाद २६:१४ मध्ये देवाला वाहिलेला दशांश आणणाऱ्याला सांगावे लागे की यातील काहीही मी मृतासाठी दिलेले नाही. १ तीमथ्य २:५ प्रमाणे देव आणि मनुष्ये यांच्यामध्ये मध्यस्थ एकच आहे. पूर्वज आपले आहेत, पण ते आपले तारणारे नाहीत.

प्रभूचे एक कठीण वचनही आहे. बापाला पुरून येतो असे म्हणणाऱ्या शिष्याला त्याने थांबू दिले नाही (लूक ९:५९-६०). ते वचन बोलावण्याची निकड सांगते. आईबापांचा अनादर करण्याची सवलत ते देत नाही. कारण याच प्रभूने वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावली आणि लाजराच्या कबरेपाशी तो रडला.

आणि इब्री ११ तर पूर्वजांचाच अध्याय आहे. हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे, राहाब अशी नावे एकामागून एक येतात, जणू कोणी प्रधान किंगरीवर कुळ गातो आहे. मग १२ व्या अध्यायात या साक्षीदारांचा मोठा समुदाय आपल्याभोवती आहे असे सांगून लेखक आपली नजर वळवतो ती येशूकडे. साक्षीदार भोवती, नजर येशूवर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या सदरमधील कॅथेड्रलचे नावच 'ऑल सेंट्स', म्हणजे सर्व संतांचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरात झाली. अनेक मंडळ्या एक झाल्या, त्याही आपापल्या पूर्वजांच्या आठवणी घेऊनच.

५. भीतीचे काय करायचे?

मान आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात त्या एकाच टोपलीत येतात.

एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. तिचे सांधे दुखत, हातपाय सुजत, डोळे पिवळे होत. आजोबांचा विधी राहिला म्हणून ते रागावले आहेत, असे घरच्यांना सांगितले गेले. दोन बकरे आणि बरेच कर्ज एवढे झाल्यावर ती आमच्या तपासणी शिबिरात आली. तिला सिकलसेलचा आजार होता.

हा आजार आईबाप दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतो. एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक असतो आणि सहसा त्याला त्रास होत नाही. उलट वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणूनच जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे, आफ्रिकेत आणि आपल्या विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, हा दोष टिकून राहिला. मी तिच्या आजीला सांगितले, "आजोबा रागावलेले नाहीत. जंगलातल्या तापात आपले लोक ज्या रक्तामुळे तगले, त्याच रक्ताचा हा त्रास आहे. यात कोणाचा शाप नाही, कोणाचा दोष नाही. पण गोळी रोज द्यायची, भरपूर पाणी पाजायचे, थंडी-तापाला जपायचे. आणि घरात लग्न ठरवण्याआधी दोघांचे रक्त तपासायचे."

आजी बराच वेळ रडली. तिला सगळ्यात मोठा दिलासा औषधाचा नव्हता. आपला नवरा नातीचा वैरी झालेला नाही, याचा होता.

इब्री २:१४-१५ म्हणते की मरणाच्या भयाने आयुष्यभर दास झालेल्यांना सोडवण्यासाठी ख्रिस्त आला. भीतीतून सोडवणे ही सुवार्ता आहे. नात्यातून तोडणे ही सुवार्ता नाही.

६. चार प्रश्नांची कसोटी

पूर्वजांसंबंधीचा एखादा विधी समोर आला की विश्वासणाऱ्याने स्वतःला हे चार प्रश्न विचारावेत.

पहिला, यात मी आठवण करतो आहे का? नाव घेणे, गोष्ट सांगणे, गाणे ऐकणे, दगड वा खांब उभा करणे. यात अडचण नाही, उलट ते कर्तव्य आहे.

दुसरा, यात मी मान देतो आहे का? भाऊबंदांसोबत खांदा देणे, जेवण वाढणे, खर्चात वाटा उचलणे, जुनी भांडणे मिटवणे. हे आनंदाने करावे.

तिसरा, यात मी मृताकडे मागणे मागतो आहे का? आरोग्य, पाऊस, मूल, संरक्षण. हे मागणे देवाकडेच करायचे. इथे नम्रपणे बाजूला व्हावे.

चौथा, यात मी भीतीने काही देतो आहे का? रक्त, दारू, पैसा, मृताचा राग शांत व्हावा म्हणून? ख्रिस्ताचे बलिदान झाले आहे, आता ती गरज राहिलेली नाही.

एकाच विधीत हे चारही मिसळलेले असतात. ते निवडणे नागपुरात बसून होत नाही. ते त्या गावच्या विश्वासणाऱ्यांनी वचन उघडून, प्रार्थना करून, आपल्या वडीलधाऱ्यांशी बोलून करायचे असते. आपण सोबत बसावे, निकाल देऊ नये.

७. पुन्हा त्याच गावी

चार वर्षांनी त्या तरुणाची आई आजारी पडली. तो तिला रोज दवाखान्यात नेऊ-आणू लागला. एक दिवस तिने त्याला एकच गोष्ट विचारली, "माझा दगड उचलशील का?"

तो पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी मी म्हणाले, "मागच्या वेळी मी घाईने सांगितले. चूक झाली. आता आपण मिळून वाचू." गावातील पाच विश्वासी घरे आणि आम्ही तीन संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात उत्पत्ती, यहोशवा आणि इब्री वाचत बसलो. याकोबाचा स्तंभ वाचल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, "ताई, हे तुम्हाले तेव्हा माहीत होतं?"

माहीत होते. पण त्या वेळी ते मला आठवले नाही, कारण मला त्याच्या बापाविषयी काहीच माहीत नव्हते.

त्याने आईला सांगितले, "दगड मीच उचलीन. कोंबडं कापून तुझ्याकडे काही मागणार नाही, पण तुझं नाव घेईन." आई त्या दिवशी त्याच्या घरी जेवली. पावसाळ्यात ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात भावांनी डोंगरातून दगड आणला तेव्हा पुढच्या टोकाला तो होता. भावांनी त्यांच्या रीतीने केले. त्या वेळी तो थोडा मागे उभा राहिला, आणि कोणी त्याला टोकले नाही. मग त्याने सर्वांसमोर आईच्या आयुष्यासाठी देवाचे आभार मानले, माडिया भाषेत. काही म्हाताऱ्यांना ते आवडले नाही. काही विश्वासणाऱ्यांनाही दगडाला हात लावणे आवडले नाही. सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. पण नव्या धानाला आता त्याला बोलावणे येते.

हे एका घराचे झाले. शेजारच्या बस्तरमध्ये एका ख्रिस्ती मुलाला आपल्या वडिलांना गावातच, आजोबांच्या शेजारी मूठमाती द्यायची होती. गावाचा विरोध झाला. मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात होता आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत जुळले नाही आणि दफन दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत करण्याचा आदेश झाला. 'तुम्ही आमचे पूर्वज सोडले, मग आमच्या मातीत जागा कशाला?' ही भावना त्यामागे असते. आपल्या बांधवांच्या हक्कासाठी उभे राहायलाच हवे. पण त्याबरोबर स्वतःलाही विचारू या : पूर्वज सोडा, असे त्यांना कोणी सांगितले होते? ख्रिस्ताने, की आपण?

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांची किती नावे मुलांना माहीत आहेत? या आठवड्यात ती लिहून काढा. त्यांतील कोणी प्रथम विश्वास ठेवला, ती गोष्ट मुलांना सांगा.

२. दफनभूमीत आपण जे करतो त्याला वरील चार प्रश्न लावून पाहा. आपल्यातही भीती किंवा मागणे कुठे आहे का?

३. एखाद्या आदिवासी विश्वासणाऱ्याने तुम्हाला विचारले, "दगडाला खांदा देऊ की नको?" तर उत्तर देण्याआधी तुम्ही त्याला कोणते प्रश्न विचाराल?

प्रार्थना

हे अब्राहामाच्या, इसहाकाच्या आणि याकोबाच्या देवा, तू स्वतःची ओळख आमच्या पूर्वजांच्या नावाने दिलीस. ज्यांच्या खांद्यावर आम्ही वाढलो त्यांच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांना मृतांचे भय वाटते त्यांना सोडव. ज्या घरांत आमच्या घाईने अंतर पडले, तिथे पुन्हा एका ताटात जेवण होऊ दे. आणि शिकवण्याआधी ऐकण्याची बुद्धी आम्हाला दे. येशूच्या नावाने, आमेन.